चाळीस यार्डांवरची पाती: मेकॅनिकल ब्रॉडहेड निवडतानाच्या नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार

मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. वार कुठलाही असो, तारीख तीच. हातात बारा आठवडे आहेत.

गेल्या वर्षीचं आधी लिहून ठेवतो, नाहीतर ही वही कशासाठी केली ते पुढे माझं मलाच कळायचं नाही. नोव्हेंबरात एक हरणी ३१ यार्डांवर आडवी उभी होती. रेंजफाइंडरने अंतर बघितलं, पिन (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हृदयावर, म्हणजे छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर धरली आणि बाण सोडला. तो तिच्या पोटाखालून गेला. केसालाही धक्का नाही. ती दहा पावलं पळाली, वळून माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. वाईट वाटलं, पण सुटकाही वाटली. सहा इंच वर लागला असता तर जखमी हरणी रात्रभर शोधत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यांना सरावाची साधी टोकं, म्हणजे फील्ड पॉइंट लावले आणि ३० यार्डांवरून मारले. तिन्ही चहाच्या बशीत. मग ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची पात्यांची टोकं लावली. तिन्ही डावीकडे आणि खाली. वर्षभर सराव एका टोकाने केला आणि जंगलात सोडलं दुसरंच. मी कारखान्यात मोजमाप विभागात काम करतो. गेज एका पार्टवर लावून दुसराच पार्ट पास करणारा कुणी सापडला असता तर मी त्याला शॉपफ्लोअरवरच झापलं असतं.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: मेकॅनिकल (उडताना पाती मिटलेली, लागल्यावर उघडणारं ब्रॉडहेड) घे, फील्ड पॉइंटसारखंच उडतं. पाकिटावरही तेच छापलेलं असतं. हे खरं किती, ते या उन्हाळ्यात मोजायचं.

सामान: कंपाउंड धनुष्य, ओढ ६० पौंड, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे ओढायची लांबी, साडेअठ्ठावीस इंच. कार्बनच्या सहा दांड्या, स्पाइन (ताठपणाचा आकडा) ३४०, मार्करने १ ते ६ आकडे घातलेत. टोकासकट बाणाचं वजन ४४० ग्रेन, क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला २५८ फूट. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०: साधारण ६५ फूट-पाउंड ऊर्जा. हरणाला भरपूर झालं. मेकॅनिकलची पाती उघडण्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते, त्यामुळे ४०-४५ पौंडांची ओढ असलेल्याने या भानगडीत पडूच नये असं मला वाटतं. ६० वाल्याने विचार करायला हरकत नाही.

कायदा: मिशिगनमध्ये ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच हवी, सुताराच्या हिशोबात सात सूत. बाण किमान १४ इंच लांब. सुताराच्या हिशोबात सात सूत. मेकॅनिकल चालतं.

७ जुलै, रविवार

तीन प्रकार घेतले. कंपन्यांची नावं वहीत लिहीत नाही. नाव दिसलं की आकड्याकडे बघायची नजर बदलते. शंभर-शंभर ग्रेनची पाकिटं, प्रत्येक प्रकारची दोन, म्हणजे सहा-सहा टोकं.

'स्थिर': तीन पाती, कायम उघडी, व्यास नऊ सूत (सव्वा इंचाला एक सूत कमी). गेल्या वर्षी हेच होतं.

'छत्री': तीन पाती. पात्यांची टोकं पुढे, बिजागरी मागे. कातडीला लागलं की पाती मागे उलटून उघडतात, वाऱ्यात छत्री उलटी होते तशी. मिटलेली पाती रबराच्या छोट्या रिंगने धरलेली. उघडल्यावर व्यास दीड इंच.

'कात्री': दोन पाती, अंगालगत मिटलेली. पुढे फक्त दोन छोटे कान बाहेर. कान कातडीला टेकले की पाती मागे सरकतात आणि सरकता सरकता बाहेर पसरतात. धरून ठेवायला प्लॅस्टिकची कॉलर. उघडल्यावर दोन इंच.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत व्यास असतो. पण जखमेचा काप म्हणजे सगळ्या पात्यांची लांबी मिळून. कात्रीचा काप दोन इंच. छत्रीचा पाऊण-पाऊणचे तीन, सव्वादोन. म्हणजे 'दीड इंची' छत्री 'दोन इंची' कात्रीपेक्षा जास्त कापते. माझं जुनं स्थिर टोक १.७. दुकानात उभं राहून हा हिशोब कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

रुंद टोक का भरकटतं? बाणाच्या शेपटीला पिसं असतात, ती त्याला मागून सरळ ठेवतात. टोकाला उघडी पाती लावली की पुढेही पिसं लावल्यासारखंच झालं. बाण सुटताना जरा तिरका निघाला तर पुढची पाती हवा पकडून त्याला त्याच तिरकेपणात आणखी ओढतात, मागची पिसं सावरायला बघतात. मेकॅनिकलची पाती मिटलेली, म्हणून पुढचा जोर कमी. एवढंच. तिरका निघालेला बाण त्याने सरळ होत नाही.

१३ जुलै, शनिवार

वजनं घेतली. सोनाराच्या कामाचा छोटा डिजिटल काटा आहे. ग्रेन हे माप इथल्यांना आपसूक कळतं, मला अजून मनात गुंजांत बदलावं लागतं: दोन ग्रेन म्हणजे साधारण एक गुंज. शंभर ग्रेनचं टोक म्हणजे साडेसहा ग्रॅम, पन्नासेक गुंजा.

छत्री: ९९.१ ते १०२.६. कात्री: ९९.८ ते १०१.१. स्थिर: ९९.९ ते १००.४. साडेतीन ग्रेनच्या फरकाने ४० यार्डांवर फार काही होत नाही. पण एकाच पाकिटातली तीन टोकं एकसारखी नसतात, हे डोळ्यांनी बघितलं.

१४ जुलै, रविवार

पावसाची रिपरिप. तळघरात दोन छोटे व्ही-ब्लॉक मांडले, त्यावर दांडी ठेवली, ब्रॉडहेडच्या अणीला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं गेज) लावला आणि बोटाने दांडी फिरवली. कारखान्यात शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते बघतो तसंच. मापं थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात.

दांडी १: ५. दांडी २: ३. दांडी ३: ६. दांडी ४: १४. दांडी ५: ४. दांडी ६: ६.

चारचा आकडा बघून आधी वाटलं, टोक वाकडं असेल. टोक काढून दोनवर लावलं: ४. दोनचं चारवर लावलं: १३. म्हणजे दोष दांडीत, टोकात नाही. दांडी मधून सरळच आहे. ज्या ठिकाणी धातूची इन्सर्ट (टोक जिच्यात फिरवून बसतं ती) बसवलीय तिथे तोंड काटकोनात कापलेलं नसणार.

लगेच दुरुस्त करायचा मोह झाला. केली नाही. आधी आहे त्या स्थितीत मारून बघायचं. रोगी बरा करून मग ताप मोजण्यात अर्थ नाही.

२० जुलै, शनिवार

आबांच्या जमिनीवर. पिंकनीजवळ दहा एकर, मागे ओकची झाडं. आमच्या टूलरूममधून निवृत्त झालेले हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, जन्माने इथलेच. 'आबा' हे माझं त्यांना मनातल्या मनात दिलेलं नाव. त्यांच्या भिंतीवर ग्रेलिंगच्या कारखान्यातलं जुनं रिकर्व्ह धनुष्य टांगलेलं आहे. फ्रेड बेअर यांनी १९४७ मध्ये आपला धनुष्यांचा कारखाना याच राज्यातल्या ग्रेलिंगला नेला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९३७ मध्ये, मिशिगनमध्ये धनुष्यापुरता हरणांचा पहिला हंगाम न्यूएगो आणि आयोस्को या दोन काउंट्यांत झाला. आबांचे वडील त्या पिढीचे. आबा स्वतः मेकॅनिकलला 'स्प्रिंगवालं खेळणं' म्हणतात. त्यात स्प्रिंग नसते हे सांगून उपयोग नाही.

४० यार्ड, वारा जवळजवळ नाही. प्रत्येक टोकाचे बारा बाण, सहा दांड्या दोनदा. एका ठिपक्यावर एकच बाण मारायचा, नाहीतर ब्रॉडहेड आधीच्या बाणाची पिसं कापतं. प्रत्येक छिद्राशेजारी दांडीचा नंबर लिहिला.

फील्ड पॉइंट: मध्य ठिपक्यावर. मध्यापासून सरासरी अंतर १.८ इंच.
स्थिर: मध्य साडेपाच इंच डावीकडे, चार खाली. विखुरणं ३.१.
छत्री: मध्य दीड डावीकडे, एक खाली. विखुरणं २.२.
कात्री: मध्य सव्वा डावीकडे, एक खाली. विखुरणं २.१.

इथे कुणीही म्हणेल, झालं की सिद्ध, मेकॅनिकल घे आणि मोकळा हो. मलाही गाडीत बसेपर्यंत तसंच वाटत होतं. पण मेकॅनिकलही डावीकडे आणि खालीच पडतायत. दिशा तीच, फक्त अंतर कमी. धनुष्यातून बाण तिरका निघतोय. स्थिर टोक ते ओरडून सांगतंय, मेकॅनिकल कुजबुजतंय, फील्ड पॉइंट गप्प बसलाय. गेल्या नोव्हेंबरातला बाण असाच गेला.

२१ जुलै, रविवार

कालच्या छिद्रांचे दांडीनिहाय नकाशे काढले. दांडी ४, स्थिर टोक: बाकी पाचजणांपासून दोन्ही वेळा साधारण सहा इंच दूर. कात्री लावून: दोन इंच. फील्ड पॉइंट लावून: घोळक्यातच.

आबा आयुष्यभर दर हंगामाआधी प्रत्येक बाण ब्रॉडहेड लावून मारतात, आणि जो फितूर होतो तो खारींसाठी ठेवतात. डायल न लावता चौदा थाऊ त्यांना दिसतात.

दांडी ४ ची इन्सर्ट काढली. गरम करून लावायचा डिंक होता म्हणून निघाली. आच दांडीला द्यायची नाही, कार्बन फुटतं. टोक आत फिरवून ठेवायचं आणि टोकाला ऊब द्यायची. दांडीचं तोंड स्क्वेअरिंगच्या ठोकळ्यावर फिरवलं. घासण्याआधी तोंडावर चंदेरी मार्कर फासला होता. दोन फेऱ्यांनंतर एका बाजूची शाई गेली, दुसऱ्या बाजूची जशीच्या तशी. तोंड वाकडं होतं. पूर्ण शाई जाईपर्यंत फिरवलं, इन्सर्ट परत बसवली. डायल: ४ थाऊ.

बाकी पाचांनाही तेच केलं. सगळे ५ च्या आत आले. तीन तास गेले. हे काम दुकानात दांड्या कापतानाच व्हायला हवं होतं, पण तिथे शनिवारी रांग असते आणि कापणारा पोरगा उन्हाळ्यापुरता आलेला असतो.

२८ जुलै, रविवार

आज धनुष्य जुळवलं. नियम साधा: ब्रॉडहेड जिकडे पडतंय तिथून फील्ड पॉइंटकडे जायला ज्या दिशेने सरकावं लागेल, त्या दिशेला रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार, सरकवायची. डावीकडे पडतंय तर उजवीकडे. खाली पडतंय तर वर.

पहिल्याच झटक्यात मी रेस्ट उलट्या दिशेला सरकवली. धनुष्य उलटं धरून पाना फिरवला होता, उजवं-डावं अदलाबदल झालं. साडेपाचाचे साडेसात झाले. आबा खुर्चीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत, फक्त कॉफीचा कप उजवीकडून डावीकडे ठेवला.

मग पाव सूत उजवीकडे. मारले. आणखी पाव सूत. मारले. वर पाव सूत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी निदान सहा बाण. तीन बाणांवरून स्क्रू फिरवणारा माणूस दिवसभर फिरवतच राहतो, कारण तीन बाणांचं ग्रुपिंग नशिबाने पण होतं.

दुपारी दोनपर्यंत: स्थिर टोक ४० यार्डांवर पाऊण इंच डावीकडे, उंचीला बरोबर. विखुरणं २.०.

गेल्या वर्षी अपमान करून घेतलेलं टोक. तेच टोक.

३ ऑगस्ट, शनिवार

खांदा दुखतोय. गेल्या रविवारी शंभराच्या वर बाण मारले. आज सुट्टी.

आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. मागे टेबलावर पाती मांडलेली दिसली. "अरे, हे काय दाढीचं सामान काढून बसलायस?" समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे बाजारात मटण मिळत नाही का रे?" मिळतं. याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. चुलतभावाला पलीकडून फोनमध्ये तोंड घालायची हौस. म्हणाला, एखादं धनुष्य आण, उसात रानडुकरं फार झालीत. त्याला सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, तू कुंपणच घाल.

११ ऑगस्ट, रविवार

जुळवलेल्या धनुष्यावर पुन्हा सगळं. ४० यार्ड, प्रत्येकी २४ बाण, दोन दिवसांत मिळून.

फील्ड पॉइंट: १.७ नाही, पुन्हा मोजलं, १.८. माझा हात सुधारलेला नाही.
स्थिर: मध्य पाऊण इंच डावीकडे, विखुरणं २.१.
छत्री: मध्य ठिपक्यावर, विखुरणं १.९.
कात्री: मध्य ठिपक्यावर, विखुरणं १.८.

हरणाच्या फुप्फुस-हृदयाचं लक्ष्य साधारण आठ इंच व्यासाचं. या हिशोबात तिन्ही टोकं बिनचूक. मग मेकॅनिकल घ्यायचं कशाला? हा प्रश्न महिनाभराच्या कष्टांनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर आणून ठेवतो. उत्तर काढायला वेगळी परीक्षा लागेल.

१७ ऑगस्ट, शनिवार

वाईट मारून बघितलं. मुद्दाम.

आबांच्या अंगणात छान उभं राहून, छान श्वास घेऊन मारलेला बाण जंगलातला नसतो. झाडावर अठरा फूट वर, हार्नेस लावलेला, दोन तास बसून पाय बधिर, बोटं गार, हरण अनपेक्षित बाजूने आलेलं. अशा वेळी मी मूठ आवळतो आणि धनुष्य पिळलं जातं. म्हणून आज प्रत्येक बाणाला मूठ मुद्दाम आवळली, ३० यार्डांवरून. रोजच्या बारीक सुधारणेच्या उलट काम. डोकं तयार होईना.

स्थिर: मध्यापासून सरासरी चार इंच. एक बाण ठोकळ्याच्या कडेला.
छत्री: अडीच.
कात्री: सव्वादोन.

हा आकडा मला हवा होता. आवळलेल्या मुठीचे स्थिर टोकाचे चार इंच म्हणजे आठ इंची लक्ष्याची अगदी कड. सव्वादोन म्हणजे आत. मिटलेली पाती चूक माफ करतात, पण ती माफी मी जुलैत धनुष्याच्या वाकडेपणावर उधळून टाकणार होतो. धनुष्याचा तिरकेपणा पान्याने जातो. गार पडलेल्या बोटांना पाना लावता येत नाही.

आजपासून स्थिर टोक तपासणीचं गेज. जुळणी त्याने बघायची, शिकारीला मेकॅनिकल.

१८ ऑगस्ट, रविवार

छत्री की कात्री. ग्रुपिंगमध्ये फरक नाही, म्हणून बाकीचे गुण बघायचे.

आधी हिशोब. बाण साधारण वीस इंचांत शून्यापासून २५८ फुटांपर्यंत जातो. त्वरण सरासरी सहाशे 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पट. दीड ग्रॅमच्या पात्याला त्या क्षणी मागे ओढणारा जोर जवळपास एक किलो. दोन्ही प्रकारांत पाती मागे जाऊनच उघडतात, म्हणजे धनुष्य स्वतःच त्यांना उघडायला बघतं, आणि त्याला अडवणारी गोष्ट म्हणजे रबराची एक रिंग किंवा नखाएवढी कॉलर. सगळ्या यंत्रातला सगळ्यात स्वस्त भाग.

कात्रीसाठी लाकडात भोक पाडलं, अंग आत जाईल पण कान अडकतील एवढं. ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उपडं ठेवून टोक हळूहळू दाबलं. (काटा धुऊन जागेवर ठेवला आहे. ही नोंद बायको वाचेल म्हणून.)

नवी कॉलर: ३.४, ३.१, ३.६ किलोला सुटली.
एकदा हाताने उघडून पुन्हा बसवलेली: २.६.
तीनदा उघडलेली: १.५.

दोन पात्यांचे मिळून सुटतानाच जवळजवळ दोन किलो. म्हणजे दीडवाली कॉलर बाण धनुष्यातून निघायच्या आधीच हरली. 'पाती हवेत उघडली' अशा तक्रारींपैकी किती जणांनी कॉलर दुसऱ्यांदा वापरली असेल? मीच पाकिटातून काढल्यावर गंमत म्हणून चार वेळा उघड-मीट केली होती. सगळ्यांनाच होतो तो मोह.

कॉलरी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या: सहातली एक बसवताना तडकली. नोव्हेंबरात कॉलर जंगलात बदलायची नाही, घरी ऊबेत बसवून न्यायची.

छत्रीच्या रिंगा गारठ्यात टिकल्या, पण जुन्या पाकिटातल्या रिंगांना उन्हाने बारीक चिरा पडल्या होत्या. दर हंगामाला नव्या घ्याव्या लागतील. दोष दोन्हीकडे, प्रकार वेगळा.

मोबाइलच्या स्लो-मोशनवर पाती हवेत मिटलेली दिसतात का ते बघितलं. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे दोन फ्रेमांमध्ये बाण फूटभर पुढे. पांढरी रेघ दिसली. वेळ फुकट.

२५ ऑगस्ट, रविवार

तिरका मार. जुनी रबरी चटई फोमच्या ठोकळ्यावर बांधली, ठोकळा पंचेचाळीस अंशांत वळवला. २० यार्ड.

छत्री: सहापैकी तीन बाण आत गेल्यावर दांडी स्पष्ट कललेली. एक पातं आधी टेकतं, आधी उघडतं आणि बाणाची शेपटी फेकतं.
कात्री: सहापैकी एक, तोही किंचित.

चटई म्हणजे कातडी नाही, तिच्या मागे बरगड्या नाहीत, हे मान्य. पण दोघींना चटई सारखीच होती.

भात्याची भानगड वेगळीच निघाली. माझ्या भात्याच्या टोपीत फोम आहे. कात्री फोममध्ये खुपसली की कान फोमला अडकतात. सहातली दोन टोकं बाण भात्यात बसवतानाच अर्धी उघडली. अंधारात कळलंही नसतं. फोम काढून कडक कप असलेली टोपी घेतली. निवडीत भाता मोजायचा असतो हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. बाणांना हात लावला नाही. मुलीने मखरासाठी तळघरातला फोमचा ठोकळा मागितला. त्यातून पात्याचा एक तुकडा निघाला. ओरडा खाल्ला, योग्यच होता. आता ठोकळ्यांवर लाल पट्टी लावली आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

वारा चांगला, आडवा, झाडांची वाळकी पानं उडवणारा. ४० यार्डांवर स्थिर टोक साधारण चार इंच वाहिलं, छत्री आणि कात्री अडीचच्या आसपास. वारा मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून यातून फार काढत नाही.

निर्णय: कात्री. छत्रीचा काप पाव इंच जास्त आहे तो सोडून दिला. ग्रुपिंगसाठी निवड केलीच नाही शेवटी. तिरक्या माराने आणि कॉलर मोजून बघता येते म्हणून केली. जी गोष्ट मोजता येते तिच्यावर मला झोप लागते.

आबांना सांगितलं. म्हणाले, "अडीच महिने लावलेस आणि शेवटी खेळणंच घेतलंस." मग थोड्या वेळाने: "पण बाण आता सरळ उडतोय."

२८ सप्टेंबर, शनिवार

शेवटची तपासणी. दांड्या १, २, ५ निवडल्या. तिघींवर आधी स्थिर टोक लावून एकेक बाण, ४० यार्ड: तिन्ही मुठीत. मग शिकारीला नेणार तीच कात्री टोकं, जुनी कॉलर घालून ३० यार्डांवरून प्रत्येकी एकदा. कॉलर दुसऱ्यांदा वापरायची नाही हा नियम शिकारीसाठी. इथे एकदाच उघडलेल्या कॉलरी घेतल्या. पाकिटाबरोबर येणारं न उघडणारं सरावाचं टोक वेगळं, हे टोक वेगळं. डायलवर दोघांत पाच थाऊंचा फरक होता. मग पाती बदलली, नव्या कॉलरी बसवल्या, आणि आता कुणीही उघडून बघायची नाहीत. मीसुद्धा.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस. चार वाजता निघालो, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा असते तोवर बसलो. टर्की, खारी, एक रॅकून.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घरी घट बसले. बायकोने विचारलं नाही, सांगितलं: नऊ दिवस नाही. ठीक.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. कारखान्यात पुण्याला असताना मशीनना हार घालायचो, इथे धनुष्य, डायल आणि वजनकाटा पाटावर ठेवले. आपट्याची पानं डेट्रॉइटकडे कुठून मिळणार. मुलीने पिवळ्या कागदाची कापली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आबांच्या पुतण्याच्या मक्याच्या कडेला. संध्याकाळी सहा वीस. हरणी मक्यातून बाहेर आली, २४ यार्ड, किंचित माझ्यापासून पलीकडे वळलेली. हात थंड होते. मूठ आवळलेली जाणवली, सैल केली, पूर्ण सुटली नाही. पिन, सोडला.

आवाज पोकळ आला. ती कुंपणाकडे पळाली. बाण पलीकडे मातीत उभा, रंग दोन्ही बाजूंनी सारखा. चाळीस मिनिटं झाडावरच बसलो, हे सगळ्यात अवघड. मग टॉर्च. ओकच्या पानांवरचा माग लहान पोरालाही दिसला असता. साधारण सत्तर यार्डांवर पडलेली होती.

बाण जिथे हवा होता तिथून दोन इंच मागे लागला. सव्वादोनाच्या आत.

२० ऑक्टोबर, रविवार

हरणाची नोंद सरकारी साइटवर केली (७२ तासांची मुदत असते). मांस आबांच्या शेडमध्ये. अर्धं त्यांच्याकडे, कारण आमच्याकडे खाणारा मी एकटा.

टोक धुऊन बघितलं. दांडी २. दोन्ही पाती पूर्ण उघडलेली, कॉलर तुटून गेलेली. एका पात्याची धार मातीतल्या दगडाने एका सुताएवढी दुमडली आहे, अणी ठीक. पाती फेकली, नवी बसवली, नवी कॉलर. डायल लावला: ९ थाऊ. आधी ३ होते. टोक दुसऱ्या दांडीवर: ९. म्हणजे टोकाचं अंग वाकलंय, दांडी बरी आहे. टोक डब्यात, लाल पट्टी लावून. दांडी २ वर पाकिटातलं पाचवं टोक लावलं: ४.